खमिराची साक्ष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मला या माइकसमोर बोलावतात ते सहसा कवितेसाठी. आज मी कविता आणलेली नाही. आज मी रक्ताच्या एका तपासणीविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता. पण घरात मूल आजारी पडलं की माणूस कुठल्याही वयात पुन्हा शाळेत जातो. मीही गेलो. तिथं जे शिकलो, त्यातलं तुमच्या उपयोगी पडेल असं थोडं आज सांगतो.

आपल्या मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टर करतात ते निदान, म्हणजे रोग नेमका कोणता ते ठरवणं. आणि आपण रोज बोलतो ते निदान, म्हणजे कमीत कमी. 'निदान एक फोन तरी करायचास!' 2022 च्या जूनपासून पुढचे नऊ महिने हे दोन्ही अर्थ आमच्या घरात मुक्कामाला होते. निदान निदान तरी होऊ दे, एवढंच मागणं उरलं होतं.

माझ्या धाकट्या भावाची बेकरी आहे. वडिलांनी सुरू केलेली, पावाची आणि नानकटाईची. त्याची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत गेलेली. शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या आईच्या लक्षात आलं की गेल्या वर्षीचा गणवेश आखूड होण्याऐवजी ढिला झालाय. पोरीचं पोट दुखायचं. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावं लागायचं. तोंडात फोड यायचे. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. घरातल्या बायका म्हणाल्या, खाल्लेलं अंगाला लागत नाही, जंत झाले असतील. जंताचं औषध झालं. आमच्या अम्मांनी नजर उतरवली. मी म्हणालो, शाळेचा ताण असेल. प्रत्येकानं आपापल्या परीनं निदान केलं, आणि सगळ्यांचं चुकलं.

ऑगस्टमध्ये कुणीतरी सुचवलं की आतड्याच्या सुजेची एक नवी, भारी तपासणी निघाली आहे. नुसतं रक्त द्यायचं, दुर्बीण घालायला नको, बेशुद्ध करायला नको. लहान मुलाच्या आईबापाला याहून गोड काय वाटणार? काही हजार रुपये भरले. रक्त मोठ्या शहरात गेलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. सगळ्या रकान्यांत एकच शब्द होता, निगेटिव्ह. भाभींनी शिरा केला. भाऊ म्हणाला, चला, मोठं काही नाही. आणि आम्ही सहा महिने घालवले.

आता ही तपासणी काय आहे ते सांगतो.

आतड्याला सतत सूज राहण्याचे दोन मुख्य आजार आहेत. एकाचं नाव क्रोन्स. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1932 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, मध्ये चांगली जागा सोडून पुढे उगवतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दुसरा अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो फक्त मोठ्या आतड्यात होतो, गुदाशयापासून वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दोन्हींत शरीराचं संरक्षण करणारी फौजच आपल्या आतड्यावर उलटते. हे आजार मोठ्या माणसांचे समजले जातात, पण साधारण चार-पाच रुग्णांतल्या एकाला ते लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतात. आणि मुलांमध्ये त्यांचं पहिलं लक्षण कधी कधी पोटदुखी नसतंच. मूल वाढायचं थांबतं, एवढंच दिसतं.

फौज म्हटली की शस्त्रं आली. शरीर ज्याला परकं समजतं त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे अँटिबॉडीज. रक्तात कोणती प्रतिपिंडं आहेत ते पाहून लढाई कुणाशी चालू आहे याचा माग काढता येतो. 1988 साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं की क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात एका यीस्टविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. ते यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. नाव भीतिदायक आहे, पण ही आपली पाव फुगवणारी यीस्ट. आमच्या बेकरीत पिठात पडतं ते खमीर! त्याच्या पेशीच्या बाहेरच्या आवरणात मॅनन नावाची एक शर्करा असते, तिच्याविरुद्ध ही प्रतिपिंडं असतात. तपासणीचं लघुनाव 'आस्का'. प्लॅस्टिकच्या तबकडीत बारीक खळगे असतात, त्यांच्या तळाशी हे मॅनन लावलेलं असतं. त्यावर मुलाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, टाकतात. प्रतिपिंडं असली तर चिकटून बसतात. मग धुऊन घेऊन त्यावर रंग आणणारं द्रव्य टाकतात. जितका रंग गडद, तितका आकडा मोठा.

दुसरी तपासणी 'पी-अँका'. तीत आपल्याच पांढऱ्या पेशी काचेवर घेऊन त्यावर सीरम टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशीच्या केंद्रकाभोवती हिरवी कडा चमकली तर ती पॉझिटिव्ह. ही कोलायटिसच्या रुग्णांत जास्त दिसते. पुढं आतड्यातल्या जिवाणूंच्या अंशांविरुद्धची आणखी काही प्रतिपिंडं सापडली. ती सगळी एकत्र करून त्याचं 'पॅनेल' झालं. आम्ही पैसे भरले ते या पॅनेलचे.

मग आमचा रिपोर्ट चुकीचा होता का? नाही. लॅबनं काही चूक केली नव्हती. चूक होती ती आम्ही त्या कागदाला विचारलेल्या प्रश्नात.

क्रोन्स असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या ते साठ टक्के मुलांतच आस्का पॉझिटिव्ह येते. म्हणजे आजार नक्की असूनही शंभरातल्या चाळीस-पन्नास मुलांचा रिपोर्ट निगेटिव्ह येणार. सहा-सात वर्षांखालच्या मुलांत तर ती आणखी कमी दिसते. उलट, आजार नसलेल्या शंभरांतल्या पाचेक जणांतही ती पॉझिटिव्ह येते. गव्हाचा त्रास होणाऱ्या सिलिअॅक आजारातही येऊ शकते.

एक साधा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, एका भागातल्या 1000 मुलांची पोटं वारंवार दुखतात आणि त्यांतल्या 10 मुलांना खरोखर हा आजार आहे. सगळ्यांचं रक्त तपासलं. दहांपैकी 6 मुलं सापडतील, 4 सुटतील. उरलेल्या 990 निरोगी मुलांत शंभराला पाच या हिशेबानं सुमारे 50 मुलांचा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण 56 घरांत रडारड, त्यांतली 50 घरं विनाकारण रडणार. आणि 4 घरांत शिरा होणार, तोही विनाकारण. आमचं घर त्या चारांतलं.

हीच तपासणी एखाद्या तज्ज्ञाच्या दवाखान्यात केली, जिथं इतर लक्षणांवरून आधीच निवडलेली 100 मुलं आहेत आणि त्यांतल्या 50 जणांना आजार आहे, तर चित्र बदलतं. 30 मुलं सापडतील आणि उगाच पॉझिटिव्ह येणारी फार तर दोन-तीन असतील. तबकडी तीच, रंग तोच, पण कागदाचं वजन वेगळं. तपासणी किती खरी बोलते हे ती कुणाला आणि कशासाठी केली यावर ठरतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

फेब्रुवारी 2023 मध्ये पोरगी जिन्यात बसून पडली. चढवेना. तेव्हा आम्ही तिला पुण्याला मुलांच्या पोटविकारांच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. भावानं मोठ्या विश्वासानं तो महागडा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवला होता. बाईंनी तो बाजूला सारला आणि खालचे चुरगळलेले कागद काढले. जून महिन्यात आमच्याच गावात केलेली रक्ताची साधी तपासणी होती ती. हिमोग्लोबिन 8.9. ई.एस.आर. 62. प्लेटलेट्स वाढलेल्या. बाई म्हणाल्या, "उत्तर इथं होतं. अंगात कुठंतरी सूज आहे आणि रक्त कमी होतंय, हे या कागदानं तेव्हाच सांगितलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "मुलीची उंची कधी मोजली होती का?"

भावाला एकदम आठवलं. आमच्या बेकरीच्या आतल्या दाराच्या चौकटीवर दर रमजान ईदेला सगळ्या पोरांची उंची पेन्सिलीनं मांडायची, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. आणि वजन मैद्याच्या काट्यावर. त्यानं बेकरीतल्या पोराला फोन करून चौकटीचा फोटो मागवला. 2021 च्या ईदेची रेघ आणि 2022 च्या ईदेची रेघ जवळजवळ एकीवर एक बसली होती. वर्षभरात पोरगी बोटाच्या पेरभरही वाढली नव्हती. आम्ही दोन्ही वेळा तिथं उभे होतो. रेघ ओढली, ईदी दिली, आणि कुणालाही काही दिसलं नाही.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या मुलांच्या डॉक्टरांनी 2007 साली नेमकी हीच तुलना प्रसिद्ध केली होती. एकीकडे हे प्रतिपिंडांचं पॅनेल आणि दुसरीकडे हिमोग्लोबिन व ई.एस.आर. सारख्या साध्या तपासण्या. संशयित मुलांची चाळणी करायला साध्या तपासण्याच सरस ठरल्या. श्रोतेहो, हे ऐकून मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मी शब्दांवर जगणारा माणूस आहे. कागद महाग असला की तो जास्त खरा, हे आम्ही मनानंच ठरवून टाकलं होतं.

नंतर त्यांनी शौचाची एक तपासणी केली, कॅलप्रोटेक्टिन नावाची. आतड्यात सूज असली की पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. साधारण 50 च्या आत ते ठीक मानतात. पोरीचं हजाराच्या वर होतं. ही तपासणी सूज आहे एवढंच सांगते, कशामुळे आहे ते सांगत नाही. जंतुसंसर्गातही ती वाढते. पण पुढचं पाऊल टाकायचं की नाही, हे ठरवायला तिचा चांगला उपयोग होतो.

पुढचं पाऊल म्हणजे ज्याला आम्ही सहा महिने टाळत होतो ते. दुर्बीण. मुलाला भूल देऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून आतडं पाहायचं आणि ठिकठिकाणचे बारीक तुकडे तपासायला काढायचे. युरोपातल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनी 2005 साली यासाठी नियम प्रसिद्ध केले. पोर्तुगालमधल्या पोर्टो शहराच्या नावानं ते ओळखले जातात. 2014 साली त्यांत सुधारणा झाली. या आजाराचं निदान दुर्बीण, तुकड्यांची तपासणी आणि लहान आतड्याचं चित्रण यांवर करावं, असं ते नियम सांगतात. रक्तातली प्रतिपिंडं फार तर पुरवणीला. कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर प्रतिपिंडं हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष नोंदवावी, पण न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याला बसवू नये.

आपल्या देशात आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षय, म्हणजे पोटाचा टीबी. तो आणि क्रोन्स दिसायला जुळे भाऊ. दोन्हींत ताप, दोन्हींत वजन उतरतं, दोन्ही लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथंच वस्ती करतात. दुर्बिणीतही फोड सारखे दिसू शकतात. चूक झाली तर दोन्हीकडून घात. क्रोन्सला टीबीची औषधं देत राहिलं तर महिने वाया जातात. आणि टीबीला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. परदेशात टीबी कमी, म्हणून तिथल्या पुस्तकांना हा प्रश्न इतका छळत नाही. आपल्याकडे तो पहिला प्रश्न. आस्का इथं तरी मदतीला येईल अशी आशा होती. पण 2007 साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं, तर या दोघांना वेगळं करायला ती उपयोगी पडत नाही असंच दिसलं. टीबीच्या रुग्णांतही ती पॉझिटिव्ह येते. म्हणून पोरीच्या तुकड्यांची टीबीसाठीही वेगळी तपासणी झाली. त्या उत्तराची वाट पाहताना माझा भाऊ एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला.

रक्तातल्या प्रतिपिंडांवर भिस्त ठेवून आपण एकदा मोठी ठेच खाल्ली आहे, ती इथंच सांगतो. क्षयासाठीही रक्ताच्या अशाच तपासण्या आपल्याकडे गावोगाव चालत. लॅबच्या दरपत्रकावर त्यांची नावं वाचल्याचं मला आठवतं. देशात वर्षाला सुमारे 15 लाख अशा तपासण्या होत असल्याचा अंदाज होता. टीबी नसलेल्यांना त्या टीबी सांगत आणि असलेल्यांना नाही म्हणत. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून 2012 मध्ये भारत सरकारनं त्यांवर बंदी घातली. आस्काची गोष्ट वेगळी आहे, तिच्यावर बंदी नाही आणि तशी गरजही नाही. पण बोटाला टोचलं की सत्य बाहेर येतं, हा आपला भाबडेपणा दोन्हीकडे सारखाच.

पोरीचं निदान झालं. क्रोन्स. टीबीचा कुठलाही पुरावा मिळाला नाही. भाभी रडल्या आणि मग म्हणाल्या, "निदान नाव तरी कळलं."

डॉक्टरबाईंनी पहिला उपचार सांगितला तो ऐकून आम्हाला वाटलं त्या थट्टा करताहेत. आठ आठवडे फक्त पातळ, तयार पोषक आहार. दूधपावडरीसारखी पूड पाण्यात कालवायची आणि दिवसभर तेच प्यायचं. भाकरी नाही, भात नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. मुलांच्या क्रोन्समध्ये सूज उतरवायला हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो आणि वाढीवर घाला घालणारी स्टेरॉइड्स टाळता येतात. सोबत पुढं सूज दबून राहावी म्हणून गोळ्या. 2 मार्चला सुरुवात झाली. 24 मार्चला रमजान लागला.

आमच्या घरात पहाटे सहरीला आणि संध्याकाळी इफ्तारला काय घमघमाट असतो ते तुम्हाला माहीत असेल. त्यात ही पोरगी ग्लास घेऊन बसायची. मी एकदा म्हणालो, "बेटा, तू आत जाऊन पी, इथं तुला त्रास होईल." तर म्हणाली, "बडे अब्बा, तुमचा रोजा संध्याकाळी सुटतो. माझा एकदम आठ आठवड्यांनी. बसू द्या की सगळ्यांबरोबर." 22 एप्रिलला ईद झाली. तिचे आठ आठवडे संपायला पाच दिवस होते. त्या ईदेला आमच्या घरात शीरखुर्मा शिजला नाही. 27 तारखेला शिजला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं दोनच चमचे खाल्ले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण घाबरलेला माणूस एकदा फसला तरी पुन्हा त्याच दारात जातो.

पोरीचा मोठा भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा. धडधाकट, दिवसभर क्रिकेट. हा आजार घरात चालतो असं कुठंतरी कानावर आल्यावर माझ्या भावानं कुणालाही न विचारता मुलाचं रक्त त्याच लॅबला दिलं. या वेळी आस्का पॉझिटिव्ह आली. आणि रिपोर्टवर त्या यीस्टचं लांबलचक नाव होतं. भावानं ते नाव बेकरीतल्या यीस्टच्या पाकिटावरही वाचलं होतं.

त्या रात्री तो माझ्याकडे आला. दारातच म्हणाला, "भाईजान, आपल्या खमिरानंच पोरं आजारी पाडली." चाळीस वर्षं ज्या भट्टीवर घर चाललं, त्या भट्टीकडे तो गुन्हेगारासारखं पाहत होता. आठ दिवस त्यानं मुलाला पावाचा तुकडा तोंडात घालू दिला नाही. बेकरी विकायची भाषा सुरू झाली.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी आधी मुलाला पाहिलं. उंची, वजन, हिमोग्लोबिन, ई.एस.आर., शौचाची तपासणी. सगळं उत्तम. मग त्या भावाकडे वळल्या.

"खमिरानं आजार होतो असं ही तपासणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याचं अस्तर थोडं सैल झालं, की आतले जिवाणू, बुरशी, त्यांचे अंश शरीराच्या फौजेला दिसतात आणि ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. खमीर तिथं नुसता हजर असतो. ज्या घरात कधी पाव आला नाही त्या घरातही हा आजार होतो. आणि क्रोन्सच्या रुग्णांच्या धडधाकट जवळच्या नातेवाइकांत साधारण पाचातल्या एकाला आस्का पॉझिटिव्ह असते. त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही."

मग मी विचारलं, "म्हणजे याला काहीच अर्थ नाही?"

त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. अर्थ आहे, पण तो मोजून घ्यावा लागतो. इस्रायलमध्ये सैन्यात भरती होणाऱ्यांचं रक्त साठवून ठेवतात. 2005 साली तिथल्या संशोधकांनी त्यातून पुढं क्रोन्स झालेल्या 32 जणांचं जुनं रक्त काढून तपासलं. निदानापूर्वीच 10 जणांत आस्का होती. तुलनेसाठी घेतलेल्या 95 निरोगी जणांत एकातही नव्हती. म्हणजे कधी कधी खमिराची साक्ष आजाराच्या आधी येते. पण 32 पैकी 22 जणांत तीही नव्हती. बाई म्हणाल्या, "आज तुमच्या मुलाला आजार नाही. ज्याला आजार नाही त्याला औषध नाही. वर्षातून एकदा उंची-वजन पाहा, पोट दुखलं, वजन उतरलं तर या. आणि त्याला पाव खाऊ द्या."

परतीच्या वाटेवर भावानं एका टपरीवर गाडी थांबवली आणि मुलाला वडापाव घेऊन दिला. स्वतः मात्र खाल्ला नाही, नुसता पाहत राहिला.

मग ही तपासणी करायचीच नाही का? तसं मी म्हणणार नाही. दुर्बीण आणि तुकड्यांनंतरही क्रोन्स की कोलायटिस हे ठरत नसेल, तर आस्का आणि पी-अँका मिळून डॉक्टरांना एका बाजूला झुकायला मदत करतात. ज्या मुलांत ही प्रतिपिंडं अनेक प्रकारची आणि जास्त प्रमाणात असतात, त्यांच्यात पुढं आतडं अरुंद होणं, भगेंद्र होणं अशा गुंतागुंती अधिक दिसतात, असंही मुलांवरच्या अभ्यासांतून पुढं आलं आहे. तेव्हा जाणत्या हातात हा साक्षीदार कामाचा आहे. त्याला रस्त्यावर उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराविषयी विचारू नये, एवढंच.

श्रोतेहो, तुमच्या घरात एखाद्या मुलाचं पोट दुखत असेल तर लगेच घाबरू नका. बहुतेक मुलांचं पोट साध्या कारणांनी दुखतं. पण पोटदुखीबरोबर वजन उतरत असेल, उंची थांबली असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून शौचाला उठावं लागत असेल, वारंवार ताप येत असेल, सांधे दुखत असतील, तोंडात किंवा गुदद्वाराजवळ फोड येत असतील, तर मात्र थांबू नका. कुणी नवी, महाग तपासणी सुचवली तर दोन प्रश्न विचारा. ही पॉझिटिव्ह आली तर आपण काय वेगळं करणार? आणि निगेटिव्ह आली तर काय करायचं सोडून देणार? आम्ही दुसरा प्रश्न विचारला असता, तर सहा महिने वाचले असते. त्या कागदानं आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. 'आजार नाही' हे शब्द आम्हीच त्यावर वाचले.

हा आजार समूळ जात नाही. पोरीच्या गोळ्या चालू आहेत, मध्ये एकदा तो पुन्हा उसळलाही. पण आज ती नववीत आहे आणि तिचं जेवण पाहून अम्मा म्हणतात, नजर लागेल. तिचा भाऊ कॉलेजात जातो, सकाळी जाण्याआधी बेकरीत कणिक मळायला बसतो. त्याचा तो पॉझिटिव्ह रिपोर्ट फाईलमध्ये आहे. आम्ही तो फाडला नाही आणि उशाशीही ठेवला नाही.

दर ईदेला चौकटीवर रेघा ओढायची रीत चालूच आहे. फरक एवढाच की आता भाऊ आधीची रेघ कुठं होती ते बोट लावून मोजतो, आणि मग नवी ओढतो. तुमच्याही घरात अशी एखादी चौकट असेल. आज घरी गेलात की जरा दिवा लावून पाहा.